गुरुवारचा पाव

ता. १५ मार्च

चि. भिंगरी हिस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुला एक आजी आहे, हे आठवते का? आठवत नसेल तर खूण सांगते. बुटकी, डाव्या पायाने लंगडणारी, तोंडात तूच केलेली कवळी. निदान आपला माल कसा चालला आहे एवढे विचारायला तरी पत्र टाकायचे. तिकडे परमुलखात दिवसभर लोकांचे दात घडवतेस आणि त्या नादात तोंड विसरलीस. कवळी छान बसली आहे. फक्त हसताना खालची जरा उशिरा हसते.

पत्र नेहमीप्रमाणे खालच्या मजल्यावरची बटणवाली लिहून घेते आहे. काजे करून करून आपले अक्षरही काजांसारखे झाले, असे ती स्वतःच सांगते. मला काय, सगळी अक्षरे मुंग्याच. मी फोनवर का बोलत नाही म्हणून तू मागे रुसली होतीस. अगं, फोनवर बोललेले सरकार फुकट ऐकते. पत्र वाचायला त्यांना माणूस ठेवावा लागतो, आणि माणसांचे पगार तीन महिने थकले आहेत.

सरकार बदलले ते तिकडे कळलेच असेल. मी पाहिलेले हे पाचवे. प्रत्येकाने आल्या आल्या नोट बदलली, आधीच्याचे तोंड काढून आपले छापले आणि जुन्या नोटा द्यायला आम्हाला रांगेत उभे केले. म्हणून गल्लीत आता नोट कोणी विचारत नाही. न्हावी, औषधवाला, भाजीवाली, सगळ्यांच्या भिंतीवर तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन. फोन धरायचा, अंगठा लावायचा, की हवेतले नाणे इकडून तिकडे. जन्मभर मला अंगठेबहाद्दर म्हणून हसणारे शिकलेसवरलेले लोक आता दूध घ्यायला अंगठाच लावतात. मी काही म्हणत नाही, नुसती बघते.

बँकांना महिनाभर कुलूप होते तेव्हा ही विद्या तुझ्या बाबानेच गल्लीला शिकवली. फोन दुरुस्तीच्या टेबलापुढे एकेकाला बसवून, स्वतःचा चहा गार करून. त्याचे बक्षीस म्हणून चौकीवाल्यांनी त्याला दर गुरुवारी सहीला बोलवायला सुरुवात केली. त्यातल्या शेवटच्या गुरुवाराला आता सहा वर्षे होतील.

पाववाल्याच्या दुकानाचे सील निघाले. तुझा बाबा चौकीवरून परतला नाही त्याच दुपारी ते लावले होते. ह्या महिन्याच्या सुरुवातीला सहा वर्षांनी भट्टी पेटली आणि वास जिन्यापर्यंत आला. मी दार लावून घेतले.

आणि तुझी चोरी मी पकडली आहे. दोन गुरुवार झाले, सकाळी दाराच्या कडीला कापडी पिशवीत पाव अडकवलेला असतो. पाववाल्याला विचारले तर म्हणाला, पैसे फोनवर पोचतात, आणि वरच्या मजल्यावर कडीला अडकवावा असा निरोपही बरोबर येतो. बाबाची सवय तू लक्षात ठेवलीस. तोही गुरुवारी सही करून येताना असाच अडकवायचा आणि बेल न वाजवता परत कामाला जायचा. पाव चांगला होता. पण पुढच्या वेळी आधी कळवत जा. कडीला पिशवी बघून मी तशीच जिना उतरून गल्लीत बघून आले.

माया आहेच, मधूनमधून कागदावर दाखवलीस तर झिजणार नाही.

तुझी आजी (अंगठा)


ता. २३ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

बटणवाली मावशींनाही नमस्कार. मावशी, हे पत्र दार लावून, हळू आवाजात वाचा. आधी आजीला खुर्चीवर बसवा.

आजी, पाव मी पाठवला नाही.

तुझे पत्र आले तेव्हा मी एका मोठ्या ऑर्डरीत होते. महिनाभर डोके वर काढले नव्हते, म्हणून तुला पत्रही नव्हते. ते बोलणे मुकाट्याने खाते. पण तो पाव वाचला आणि हातातला मेणाचा साचा तसाच ठेवून फोन उघडला. बाबांच्या हवेतल्या नाण्यांच्या, म्हणजे क्रिप्टोच्या, पाकिटाचा पत्ता मला पाठ आहे. अशा पाकिटाची गंमत ही की ते उघडता येत नसले, तरी त्यातून काय गेले ते कोणालाही दिसते. कुलूप लावलेल्या काचेच्या कपाटासारखे. सहा वर्षे रोज सकाळी, मेण तापेपर्यंत, मी ते कपाट बघत होते. तसूभर काही हलत नव्हते. सगळे तसेच, जणू आत कोणी श्वाससुद्धा घेत नाही. आणि ज्या महिन्यात मी बघितले नाही, त्याच महिन्यात ते हलले. तीन गुरुवार, तीन वेळा, एका पावाचे पैसे.

ते कुलूप उघडणारे बारा शब्द बाबांनी कागदावर ठेवले नाहीत, तुझ्या तोंडी ठेवले. कागद झडतीत सापडतो, आणि वाचता न येणाऱ्या आईकडे कोणी कागद शोधणार नाही, असे ते म्हणायचे. जिन्याच्या बारा पायऱ्या, एकेका पायरीवर एकेक इंग्रजी शब्द. मला विमानतळावर सोडायला आलीस तेव्हा तू ते माझ्या कानात म्हटलेस. मी ते किती वेळा घालून पाहिले असतील, त्याला गणती नाही. पाकीट उघडत नाही. तुझा एखादा शब्द वयाने झिजला, असेच मी धरून चालले. पण मग आता ते उघडते आहे कोण? बरोबर शब्द जगात एकाच माणसाकडे आहेत.

म्हणून मी येते आहे. चार मेचे तिकीट काढले. नव्या सरकारने जाहीर केले आहे की बाहेर गेलेल्यांनी परत यावे, जुन्या यादीतली नावे खोडली आहेत. बाबा कुठे आहेत हे विचारणाऱ्या अर्जावर पहिली सही माझी होती, म्हणजे माझेही खोडले असणार. आल्या आल्या चौकीवर जाईन आणि विचारीन. मी सरकारवर विश्वास ठेवते आहे असे समजू नकोस. मी त्या पावावर ठेवते आहे.

बाबांच्या पायाचे माप आठच ना? इथे एक दणकट जोड बघितला, घेऊन ठेवला. बरोबर काय खायला आणू तेही कळव.

लहानपणी जेवढा धाक होता तेवढाच अजून असू दे.

तुझी भिंगरी


ता. १ एप्रिल

चि. भिंगरी हिस, आशीर्वाद, आणि सोबत एक चापटी.

पत्र वाचताना बटणवालीने सुई बोटात टोचून घेतली. माझे विचारू नकोस.

येऊ नकोस. हे पहिले लिहून घे, असे मी तिला सांगितले, कारण पुढचे ऐकून तू हे विसरशील. नावे खोडली म्हणतात. बटणवाली म्हणते, खोडलेले नाव रेघेखालून वाचता येते. मला तर न खोडलेलेही येत नाही, तेव्हा तिचे ऐकते. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा भाऊ त्या जाहिरातीवर विसंबून आला. उतरल्या उतरल्या त्याचा पासपोर्ट बघायला म्हणून घेतला, तो अजून बघताहेत. आता तोही दर गुरुवारी चौकीवर सहीला जातो. बाक तोच हिरवा, वही तीच. भिंतीवरचा फोटो तेवढा बदलला, आणि त्याचा खिळाही जुनाच आहे, असे तो सांगतो.

तुला शहाणपण शिकवते आहे, पण माझे सांगू? परवा कपाटातून तुझ्या बाबाचा कप काढला. कान तुटलेला, आठवतो ना. धुतला, पुसला, टेबलावर ठेवला, आणि मग माझाच मला राग आला म्हणून त्यात सुटी बटणे टाकली. गुरुवारी जिन्यात पावले वाजतात. सातव्या पायरीवर क्षणभर थांबतात, पुढे येतात. तुझा बाबा सातवीवर कठडा धरून दम घ्यायचा, अगदी पंचविशीतही. हा पाववाला आहे, त्यालाही धाप लागते, हे मला चांगले ठाऊक आहे. तरी दार उघडण्याआधी मी केस सारखे करते. उघडते तर पिशवी झुलत असते आणि जिना मोकळा.

शब्द मी कोणाला सांगितलेले नाहीत. झोपेत बडबडले असेन तर ऐकायला त्या खोलीत भिंतीच आहेत. आणि माझा शब्द झिजला म्हणालीस, ते मनाला लागले. गुडघा झिजला, डोळा झिजला, शब्द नाही. रोज चढताना म्हणते, उतरताना उलटे म्हणते.

तो असेल का गं कुठे? असेल तर मला पाव पाठवतो आणि स्वतः येत नाही, इतका कोडगा तो नव्हता. येऊ देत नसतील. मग पाव कसा पाठवू देतात? मी विचार करते आणि विचार त्याच जागी येऊन बसतो.

ठरवण्याआधी आणखी दोन गुरुवार थांब. म्हातारीसाठी थांब. बूट आणलेस ते बरे केलेस. माप आठच, पण डावा पाय थोडा मोठा.

तुझ्यावरची माया सही न करता मिळते, तशीच मिळत राहील.

आजी (अंगठा)

ता. क. हे मी, बटणवाली, माझ्या मनाने लिहिते आहे, आजी चहा टाकायला उठल्या आहेत. त्या गुरुवारी उजाडल्यापासून सातव्या पायरीवर बसून असतात. पाववाला आला की उठून घरात जातात, दार लावतात आणि मग उघडतात. मुली, काय ते लवकर ठरव.


ता. ९ एप्रिल

ती. आजीस, सा. न. वि. वि.

पायरीवर बसू नकोस. दगड गार असतो. हे मला कोणी सांगितले ते विचारू नकोस.

दोन गुरुवार थांबते, पण तिकीट ठेवले आहे. आणि एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार होते, ती लिहितेच. पैसे निघाल्याची वेळ त्या कपाटात दिसते. मी एकाखाली एक मांडून पाहिली. सकाळी सहा वाजून दोन मिनिटे. प्रत्येक गुरुवारी तेच मिनिट. माझ्या शेजारच्या टेबलावर सोन्याचे दात करणारा एक म्हातारा आहे, त्याला दाखवले. तो म्हणाला की माणसाचा हात इतका नेमाने चालत नाही.

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण आजी, बाबा आणि वेळेवर? माझ्या शाळेच्या समारंभाला ते पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. त्याच्याशीच अर्धा तास गप्पा मारून आले. त्यांना सहा वाजून दोन मिनिटांनी कोण उठवत असेल?

मग मनानेच उत्तर काढले. जिथे ठेवले असेल तिथे सकाळी घंटा होत असेल. घंटेनंतर दोन मिनिटांनी कोणी तरी त्यांना फोन देत असेल. कोणी तरी दया करणारा, आठवड्यातून एकदा. ती घंटा आता मलाही ऐकू येते. सकाळी इथे मेणाचा दिवा लावते तेव्हा ऐकू येते आणि हात थांबतो. मागच्या आठवड्यात एका बाईचे पुढचे दोन दात मी उलटे बसवले.

ते घंटेच्या तालावर माझी वाट बघत असतील आणि मी इथे दात बसवत राहिले, तर पुढे मी आरशात कशी बघू? मला खोडता येणार नाही असे काही सांगितलेस तरच मी थांबेन. नुसते येऊ नकोस म्हणून भागणार नाही.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझी भिंगरी


ता. १९ एप्रिल

चि. भिंगरी हिस, आजीचे आशीर्वाद. आज ते मोजून घे, सगळे लागतील.

खोडता येणार नाही असे हवे होते ना, ते सापडले. हळूहळू सांगते, बटणवालीलाही दम घ्यावा लागतो आहे.

परवा गुरुवारी पहाटेच गल्लीची वीज गेली. सरकार नवे असले तरी तारा जुन्याच आहेत. मी पायरीवर बसले होते, हो, बसले होते, आणि चुगली कोणी केली तेही मला कळले आहे. सहा वाजले, सात वाजले. पाववाला आलाच नाही. वाटले, वीज नाही म्हणून पाव भाजलाच नसेल. पण न्हावी काखेत पाव मारून समोरून गेला. औषधवाल्याच्या दारातही पाव. भट्टी लाकडावर चालते, तिला विजेचे काय. पाववाल्याचा फोनही चालू होता. गल्लीभर सगळ्यांना पाव मिळाला, एका मला नाही.

मी तिथेच बसून विचार केला, आणि ह्या वेळी विचार त्याच जागी आला नाही. वीज गेली म्हणून माणूस आईला विसरत नाही. वीज गेली म्हणून यंत्र विसरते. आणि पाव सुरू झाला तो त्या दुकानाचे सील निघाल्यावरच.

काल वीज आली. बटणवालीचा हात धरून मी पाववाल्याकडे गेले आणि त्याला सरळ विचारले की तुझा बाबा त्याच्या दुकानात काय काय ठेवून गेला होता. तो बिचारा गोंधळला. त्यालाही वाटत होते की तुझा बाबा कुठे तरी लपून पैसे पाठवतो आहे, आणि नाव काढले तर पकडला जाईल, म्हणून तो तोंड शिवून होता. मग डोके खाजवून म्हणाला, गिऱ्हाइकांची नाणी घ्यायला एक यंत्र बसवून दिले होते, ते भट्टीमागच्या फळीवर आहे. सहा वर्षे सीलबंद, विजेविना. दुकान उघडले, मुख्य बटण दाबले, तेव्हा तेही आपसूक चालू झाले असेल. त्याने तिकडे बघितलेही नव्हते. त्याचे नाणे आता फोनवर येते.

पिठाची पोती सरकवली. चहाच्या डब्याएवढे यंत्र, वर पिठाची आणि काजळीची पुटे, आणि कोपऱ्यात हिरवा दिवा उघडझाप करत होता. मला कोणी सांगायची गरज पडली नाही. निळी चिकटपट्टी होती. तुझ्या बाबाने ह्या घरातली चमच्यापासून छत्रीपर्यंत प्रत्येक वस्तू त्या निळ्या पट्टीने जोडलेली आहे. पट्टीखाली कागद होता. मी पदराने पुसला. मला मुंग्या दिसल्या. बटणवालीने वाचले. मी तिला तीनदा वाचायला लावले, पाठ व्हावे म्हणून. आता तेच जसेच्या तसे इथे लिहायला सांगते आहे.

आईचा पाव. दर गुरुवारी, मी आलो नाही तरी. बंद करू नये.

ह्या ओळीवर डाग पडला असेल तर तो बटणवालीचा, माझा नाही.

जन्मात मला कोणी चिठ्ठी लिहिली नव्हती. वाचणार कोण म्हणून लिहायचे कशाला. ही पहिली, आणि ती भट्टीमागे सहा वर्षे पडून. गुरुवारी सहीला जाताना आपण परत येऊच असे त्याला वाटत नव्हते, हे तो मला कधी बोलला नाही. यंत्राला बोलला. आपण अडकलो तर आईच्या कडीला पिशवी नसेल, एवढीच काळजी त्याने तिथे बांधून ठेवली. आणि त्याच दुपारी चौकीवाल्यांनी दुकानाची वीज तोडली.

आता नीट ऐक. तो आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते सांगत नाहीत. चौथ्याने सांगितले नाही, पाचवा सांगत नाही, सहावा येईल तोही फोटो बदलून खिळा तोच ठेवील. पण पाव त्याने आज पाठवलेला नाही. त्याने तेव्हाच पाठवला, पोचला आत्ता. तीन आठवडे उशिरा जन्मलेले पोर, त्याचे सगळे उशिराच. सहा वाजून दोन मिनिटे ही वेळ यंत्राची, उशीर तेवढा त्याचा. तिकडे घंटा नाही, भिंगरी. ती ऐकणे सोड.

तरी तुझे मन म्हणेल की म्हातारी मला थांबवायला गोष्ट रचते आहे. म्हणून सातव्या पायरीचे सांगते. तिथला शब्द तू विमानतळावर मला दोनदा विचारलास, पूल म्हणजे पोहायचे पाणी असते तो का. मी हो म्हणाले. मला वाटले पूल म्हणजे नदीवरचा, त्याखाली पाणी आलेच. काल दुकानातून परतताना सातवीवर हात कठड्याला गेला आणि आठवले. तो शब्द शिकवताना तुझ्या बाबाने तो कठडा दोन्ही हातांनी धरून ओढून दाखवला होता, जिनाभर खडखडाट केला होता, आणि मी त्याला ओरडले होते. पाणी नव्हतेच त्यात. ओढायला इंग्रजीत काय म्हणतात ते तू बघ. बटणवालीला एक शब्द कळला तर कळू दे, एका पायरीने माझ्या मजल्यावर पोचता येत नाही. बाकीचे अकरा तुझ्याकडे ठीक आहेत. पाकीट उघडेल, आणि मग तुला पटेल की बरोबर शब्द फक्त त्याच्याकडे नव्हते. माझ्याकडे होते, तुझ्याकडेही होते. मधे पाणी शिरले होते एवढेच.

उघड, बघ, आणि होते तसे झाक. त्यातले काही काढू नकोस. पाववाल्याने यंत्र बंद करू का म्हणून विचारले, मी त्याच्याकडे असे बघितले की तो पीठ मळायला गेला. नवा हुकूम आला आहे, असली सगळी यंत्रे चौकीवर नोंदवा म्हणून. तो म्हणतो, पीठ चाळायचे यंत्र म्हणून नोंदवीन. बघायला येतील त्यांना कुठे फरक कळतो.

तिकीट परत कर. बूट परत करू नकोस.

जेवढी माया दोघांना वाटत होते ती सगळी आता एकीकडेच येते, जड झाली तरी उचल.

तुझी आजी (अंगठा)

ता. क. काय खायला आणू म्हणून मागे विचारले होतेस. आणू नकोस, टपालाने पाठव. भाजलेले बदाम पाठव, न सोललेले, चांगले कडक. कवळी तुझी आहे, तिची परीक्षा होऊ दे. खारवलेल्या बियाही चालतील. गोड काही नको. आणि पाव पाठवू नकोस. पाव येतो.